लसूण लावावा थंडी धरून

सन २०२४ च्या सुरुवातीला किरकोळ बाजारात लसणाचा भाव किलोला ४०० रुपयांच्या पुढे गेला आणि एरवी हाताला येईल तेवढा फोडणीत पडणारा लसूण घरोघरी पाकळ्या मोजून वापरला जाऊ लागला. अशा वेळी परसात किंवा बाल्कनीतल्या कुंडीत चार पाकळ्या लावून पाहाव्यात, असं कुणालाही वाटतं. लसूण लावायला सोपाही आहे. रोप तयार करायला नको, कलम करायला नको. पाकळी मातीत खोचली की आठ-दहा दिवसांत हिरवा कोंब वर येतो.

पण कोंब येणं आणि गड्डा भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरी लावलेल्या लसणाची नेहमीची तक्रार अशी असते की पात गुडघ्याएवढी वाढते, हिरवीगार दिसते, आणि मार्चमध्ये उपटून पाहावं तर खाली नुसतं जाडसर बूड निघतं. नाहीतर गोटीएवढा, एकाच पाकळीचा लसूण हाती येतो. मग दोष मातीला दिला जातो, खताला दिला जातो. खरी कारणं बहुतेक वेळा दोनच असतात: पाकळी चुकीच्या लसणाची होती किंवा ती चुकीच्या तारखेला लावली होती. लसणाचा गड्डा थंडी आणि दिवसाची लांबी यांच्या हिशेबाने भरतो. तो हिशेब समजला की बाकीची लागवड अगदी थोड्या कष्टांची आहे.

पाकळीच्या आत

लसणाची एक पाकळी सोलून उभी चिरून पाहा. खालच्या टोकाला कडक, चपटी, तपकिरी चकती दिसते. हे पाकळीचं बूड, म्हणजे तिचं खोड. सगळी मुळं इथूनच फुटतात. चकतीवर जो पांढरा, रसाळ भाग असतो, जो आपण खातो, ते खरं तर अन्न साठवून जाड झालेलं एक पान आहे. त्याच्या पोटात, मधोमध, फिकट पिवळा किंवा हिरवट कोंब असतो. बाहेरचं कागदासारखं टरफल हेही एक वाळलेलं पानच. म्हणजे पाकळी ही पूर्ण तयारीतली एक कळी आहे. खोड, शिदोरी आणि कोंब तिच्यात एकत्र बांधलेले असतात.

हा कोंब आपल्याला बरंच काही सांगतो. मार्च-एप्रिलमध्ये नुकत्याच काढलेल्या लसणाची पाकळी चिरली तर कोंब जेमतेम दिसतो, कारण काढणीनंतर काही महिने पाकळी विश्रांती घेते. त्या काळात ती मातीत घातली तरी नीट उगवत नाही. पावसाळा सरत आला की कोंब आतल्या आत वर सरकू लागतो. तो पाकळीच्या निम्म्या उंचीपर्यंत किंवा त्याच्याही वर आलेला दिसला की पाकळी लावणीला तयार आहे असं समजावं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये टोपलीतल्या लसणाला हिरवी टोकं फुटायला लागतात, ती याच कारणाने.

लसणाचं बियाणं आपण ज्याला म्हणतो तेही ही पाकळीच. आपल्याकडच्या लसणाला खरं बी धरत नाही. मध्य आशियातून निघालेलं हे पीक माणसाने हजारो वर्षं पाकळ्यांवरच वाढवलं आणि त्यात त्याची बी धरण्याची ताकद जवळजवळ हरवली. १९८०च्या दशकात मध्य आशियातच संशोधकांना बी धरू शकणारे काही लसूण पुन्हा सापडले, पण शेतात आणि बागेत आजही लागवड पाकळ्यांचीच होते. त्यामुळे प्रत्येक नवं झाड आधीच्या झाडाची हुबेहूब नक्कल असतं. त्याचे गुण पुढे येतात, आणि त्याच्या अंगातले विषाणूजन्य रोगही पुढे येतात. म्हणून लावणीसाठी पाकळी निवडण्याला एवढं महत्त्व आहे.

गड्डा कधी भरतो

लसणाच्या झाडाचं आयुष्य दोन टप्प्यांचं असतं. पहिल्या टप्प्यात ते फक्त पानं काढतं. दुसऱ्या टप्प्यात नवी पानं थांबतात, आतल्या पानांच्या बगलांमधल्या कळ्या फुगू लागतात आणि त्या पाकळ्या बनतात. पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात कधी जायचं, हे झाड हवामानावरून ठरवतं. आधी काही आठवडे थंडी मिळायला हवी. त्यानंतर दिवस वाढू लागायला हवेत आणि हवेत ऊब यायला हवी.

दख्खनच्या पठारावर हे सगळं नेमकं क्रमाने घडतं. नोव्हेंबरपासून रात्री गार होतात, डिसेंबर-जानेवारीत थंडी टिकते, संक्रांतीनंतर दिवस वाढल्याचं जाणवू लागतं आणि फेब्रुवारीत दुपारचं ऊन चटका देऊ लागतं. जमिनीखालच्या पाकळ्या भरतात त्या याच काळात.

आता महत्त्वाची गोष्ट. दुसरा टप्पा सुरू होतो तेव्हा झाडाला जेवढी पानं असतील, तेवढ्याच पानांच्या जिवावर गड्डा भरायचा असतो. ऑक्टोबरमध्ये लावलेल्या झाडाकडे जानेवारीपर्यंत पानांचा भरगच्च संसार तयार असतो. डिसेंबरअखेर लावलेल्या झाडाकडे तेव्हा जेमतेम चार-पाच पानं असतात. ऋतू मात्र त्याच्यासाठी थांबत नाही. इशारा दोघांनाही एकाच वेळी मिळतो, आणि उशिरा लावलेलं झाड आहे तेवढ्यावर गड्डा धरतं. तो लहानच राहणार. कधी कधी अशा झाडाला वेगवेगळ्या पाकळ्या पाडायलाही सवड मिळत नाही आणि सगळं अन्न एकाच कळीत साठतं. बाजारात औषधी म्हणून महाग विकला जाणारा एककळी लसूण पुष्कळदा असाच तयार होतो: उशिराची लावणी, बारीक पाकळी किंवा अपुरी थंडी यांतून.

बाजारातली मोठी पाकळी मोहात पाडते

लसणाच्या जातींमध्ये एक मोठा फरक आहे, तो विकत घेताना डोळ्यांना दिसत नाही. काही जाती लहान दिवसांत गड्डा धरतात, तर काहींना त्यासाठी तेरा-चौदा तासांचा मोठा दिवस लागतो. पुण्याला डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा असतो आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तो १२ तासांवर येतो. तेरा तासांचा दिवस उगवेपर्यंत मे उजाडतो, आणि तेव्हा लसणाला सोसवणार नाही एवढा उन्हाळा असतो. म्हणून महाराष्ट्रात लहान दिवसांच्या जातीच लावाव्या लागतात.

मॉलमध्ये आणि मोठ्या मंडयांत दिसणारा टपोरा, आठ-दहाच जाड पाकळ्यांचा, सोलायला सोपा लसूण पाहून हाच लावावा असा मोह होतो. तो बहुधा डोंगराळ भागातला असतो. हिमाचल, काश्मीर, उत्तराखंड अशा थंड आणि मोठ्या दिवसांच्या प्रदेशासाठी अ‍ॅग्रिफाउंड पार्वती यांसारख्या जाती आहेत. त्या पुण्या-नाशिकला लावल्या तर पात छान येते, गड्डा मात्र बहुधा धरत नाही. चिनी लसूण तर लावूच नये. त्यातून बुरशीजन्य रोग येत असल्याचं आढळल्यामुळे भारताने २०१४ मध्ये त्याच्या आयातीवर बंदी घातली आहे. तरीही तो चोरट्या मार्गाने बाजारात येतो. एका गड्ड्याबरोबर घरच्या मातीत कायमचा रोग आणण्यात काही अर्थ नाही.

मग लावायचा कुठला? आपल्या राज्यात या पिकावर चांगलं काम झालेलं आहे. पुणे जिल्ह्यात राजगुरुनगरला भारतीय कृषी संशोधन परिषदेचं कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. १९९४ मध्ये राष्ट्रीय संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेल्या या संस्थेने भीमा ओंकार आणि भीमा पर्पल या लसणाच्या जाती दिल्या. त्यांपैकी भीमा पर्पल महाराष्ट्रासाठी शिफारस केलेली आहे. तिच्या गड्ड्यावर जांभळी छटा असते आणि ती साधारण १२० ते १३५ दिवसांत तयार होते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या गोदावरी, श्वेता, फुले बसवंत आणि फुले नीलिमा या जाती आहेत. राष्ट्रीय बागवानी संशोधन आणि विकास प्रतिष्ठानाच्या अ‍ॅग्रिफाउंड व्हाइट आणि यमुना सफेद या जातीही परिचित आहेत.

घरच्या पाच-पन्नास पाकळ्यांसाठी एवढं शोधणं जमलं नाही तरी हरकत नाही. आठवडी बाजारात आसपासच्या गावचा शेतकरी मुळ्यांना माती चिकटलेला, मध्यम गड्ड्याचा, पंधरा-वीस-पंचवीस पाकळ्यांचा लसूण विकत असतो. तो याच हवेत भरलेला असतो, म्हणून तो आपल्याकडेही भरतो. विकत घेताना ‘हा इथलाच का?’ एवढा एक प्रश्न विचारावा.

नवरात्र ते दिवाळी

लावणीचा उत्तम काळ ऑक्टोबरचा पहिला आठवडा ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. सणांच्या भाषेत, घटस्थापनेला वाफा किंवा कुंडी तयार करावी आणि दिवाळीचा फराळ संपेपर्यंत लावणी उरकावी. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्या घरांनाही हे वेळापत्रक सोयीचं आहे. कार्तिकी एकादशीनंतर जेवणात लसूण परत येतो, तोवर कुंडीतली पात कापण्याजोगी होत आलेली असते.

फार लवकर लावण्यातही तोटा आहे. सप्टेंबरात जमीन ओली आणि उबदार असते. तेव्हा पाकळी कुजण्याचा आणि पानांवर करपा येण्याचा धोका जास्त. परतीचा पाऊस थांबला, पहाटे अंगावर पांघरूण ओढावंसं वाटू लागलं की लावणी करावी.

मुंबई, कोकण किनारा आणि गोवा इथे गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथल्या रात्री फारशा गार होत नाहीत, हवा दमट असते. तिथे लसूण पातीसाठी लावावा. गड्डे आले तर ते लहान असतील असं आधीच धरून चालावं. नाशिक, नगर, पुणे, सातारा, मराठवाडा आणि विदर्भ इथे मात्र हिवाळा या पिकाला मानवतो.

ऊन, कुंडी आणि माती

लसणाला रोज किमान सहा तास सरळ ऊन हवं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेकडची बाल्कनी लसणाला सर्वांत चांगली. पूर्वेची किंवा पश्चिमेची चालते. उत्तरेच्या बाल्कनीत हिवाळाभर ऊन येत नाही, तिथे गड्ड्याची आशा धरू नये.

लसणाची मुळं बारीक असतात आणि वरच्या थरातच पसरतात, म्हणून खोल कुंडीची गरज नसते. वीतभर, म्हणजे आठ-नऊ इंच खोली पुरते. रुंदी मात्र जास्त हवी. भाजीचा प्लास्टिकचा क्रेट, फळांचं थर्माकोलचं खोकं, जुना टब, असं पसरट काहीही चालतं. खाली पाणी निथळायला भोकं हवीत, कारण साचलेलं पाणी लसणाला अजिबात सहन होत नाही. गच्चीवर बरेच क्रेट मांडायचे असतील तर ओल्या मातीचं वजन लक्षात घेऊन ते तुळईच्या किंवा भिंतीच्या कडेला मांडावेत.

माती भुसभुशीत असावी. काळी चिकण माती सुकली की घट्ट आवळते, तिच्यात गड्डा फुगत नाही, वेडावाकडा होतो. कुंडीसाठी दोन भाग पोयट्याची माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट किंवा भाताची तुसं असं मिश्रण करावं. कच्चं शेण घालू नये, त्याने पाकळी कुजते आणि हुमणी येते. मूठभर निंबोळी पेंड मिसळली तर जमिनीतल्या किडींना आळा बसतो.

परसात लावायचा असेल तर भारी जमिनीत गादीवाफा करावा, म्हणजे पाणी बाजूने निघून जातं. ज्या जागी गेल्या वर्षी कांदा किंवा लसूण होता, ती जागा शक्यतो टाळावी. या दोघांचे रोग एकच आहेत आणि ते मातीत टिकून राहतात. तिथे मेथी, वाल किंवा पालक लावावा आणि लसणाला नवी जागा द्यावी.

लावणी

लावणीच्या आदल्या दिवशी गड्डे फोडावेत, त्याआधी नाही. फोडलेल्या पाकळ्या लवकर सुकतात. फोडताना बुडाची चकती तुटू देऊ नये, कारण मुळं तिच्यातूनच येणार आहेत. टरफल काढू नये, ते मातीतल्या बुरशीपासून पाकळीचं रक्षण करतं.

पाकळ्यांची वाटणी करावी. गड्ड्याच्या बाहेरच्या कडेच्या जाड, टणक पाकळ्या गड्ड्यासाठी. मधल्या बारीक, चपट्या पाकळ्या पातीसाठी. डाग पडलेल्या, मऊ पडलेल्या, पोकळ वाटणाऱ्या पाकळ्या फेकून द्याव्यात. जाड पाकळीतली शिदोरी जास्त, म्हणून तिचा कोंब जोमाने वाढतो आणि झाडाला पानंही लवकर येतात. पानांवर गड्डा ठरतो हे आपण पाहिलंच. बियाण्याला चांगल्या पाकळ्या ठेवून उरलेल्या खायला घ्याव्यात. आपल्याकडे नेमकं उलटं होतं: मोठ्या पाकळ्या सोलायला सोप्या म्हणून भाजीत जातात आणि सोलायला किचकट म्हणून बारीक पाकळ्या कुंडीत जातात.

माती आधी भिजवून वाफशावर आणावी. दोन ओळींत १५ सेंटीमीटर आणि दोन पाकळ्यांत १० सेंटीमीटर अंतर ठेवावं. कुंडीत चारही बाजूंनी १० सेंटीमीटर ठेवलं तरी चालतं. टोकाकडची बाजू वर, बुडाकडची बाजू खाली धरून पाकळी बोटाने मातीत खोचावी. तिच्यावर दोन-तीन सेंटीमीटर माती यायला हवी. पाकळी उलटी लागली तरी उगवते, पण कोंबाला वळसा घेऊन वर यावं लागतं, मान वाकडी होते आणि गड्डा बेढब येतो. वरून वाळलेला पाला, गवत किंवा भाताचा पेंढा पातळ अंथरावा आणि झारीने हलकं पाणी द्यावं. आठवड्या-पंधरवड्यात हिरवी टोकं दिसू लागतील.

पाणी, खत आणि तण

सुरुवातीला पाणी थोडं आणि वारंवार द्यावं. परसात थंडीच्या दिवसांत आठ-दहा दिवसांच्या अंतराने दिलं तरी पुरतं. कुंडी मात्र लवकर सुकते. मातीत बोट पेराभर खुपसून पाहावं, कोरडं लागलं तरच पाणी घालावं. गड्डे भरायच्या काळात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, पाण्याचा ताण पडू देऊ नये. या काळात माती एकदा कडक सुकली आणि मग भरपूर पाणी मिळालं, तर गड्डे तडकतात.

खताच्या बाबतीत वेळ सर्वांत महत्त्वाची. नत्र म्हणजे पानांचं अन्न. ते पहिल्या टप्प्यातच मिळायला हवं. लावणीनंतर तीन आणि सहा आठवड्यांनी मूठ-दोन मुठी गांडूळखत ओळींमध्ये घालून हलकं खुरपावं किंवा पातळ केलेलं शेणपाणी द्यावं. दोन महिन्यांनंतर नत्राचं कोणतंही खत देऊ नये. उशिरा दिलेल्या नत्राने झाड पुन्हा पानांच्या नादाला लागतं. गड्ड्यातल्या पाकळ्या जागच्या जागी फुटू लागतात आणि एका मानेऐवजी अनेक पातळ कोंब बाहेर पडतात. असा लसूण टिकतही नाही. पात थोडी फिकट दिसते म्हणून फेब्रुवारीत युरिया टाकणं म्हणजे तयार होत आलेला गड्डा हातचा घालवणं.

लसणाला गंधक विशेष लागतं. त्याची चव आणि वास गंधकाच्या संयुगांतून येतात. शेणखतात थोडं गंधक असतंच. परसातल्या वाफ्यात लावणीपूर्वी चौरस मीटरला साधारण ३० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट मिसळलं तर स्फुरदाबरोबर गंधकही मिळतं.

तण मात्र वेळच्या वेळी काढावं. लसणाची पानं अरुंद आणि उभी असतात, त्यांची जमिनीवर सावली पडत नाही. त्यामुळे तणाला रान मोकळं मिळतं. खुरपी खोल घालू नये, मुळं वरच असतात. हाताने उपटलेलं बरं.

पानांवर लक्ष

घरच्या लसणाला दोनच गोष्टींचा त्रास होतो: फुलकिडे आणि करपा. फुलकिडे इतके बारीक असतात की उभ्याने दिसत नाहीत. मधली दोन पानं हलक्या हाताने बाजूला करून, ती जिथे जुळतात त्या बेचक्यात पाहावं. तिथे पिवळसर, तिळाहूनही लहान किडे हलताना दिसतात. ते पान खरवडून रस पितात आणि पानावर चंदेरी-पांढरे चट्टे पडतात. पुढे पानं पिळवटतात, शेंडे वाळतात. यावर सोपा उपाय म्हणजे पाच टक्के निंबोळी अर्क. तो नसेल तर लिटरभर पाण्यात पाच मिलीलीटर कडुनिंबाचं तेल आणि चार थेंब द्रव साबण घालून, नीट घुसळून, संध्याकाळी फवारावं. फवारा पानांच्या बेचक्यात पोचला पाहिजे. आठवड्याने पुन्हा एकदा फवारावं.

ढगाळ हवा, धुकं आणि अवकाळी पाऊस आला की करप्याचे जांभळट किंवा तपकिरी, लांबट डाग पडतात. डाग पडलेली पानं कापून बागेबाहेर टाकावीत, कंपोस्टमध्ये घालू नयेत. पाणी सकाळी आणि बुडाशी द्यावं, म्हणजे रात्री पानं ओली राहत नाहीत. रोपं दाट लावली की हवा खेळत नाही आणि करपा पसरतो, म्हणूनही अंतर पाळायचं.

खालची एक-दोन पानं पिवळी पडणं आणि शेंडे किंचित वाळणं हा मात्र रोग नव्हे. लसणाचं ते नेहमीचंच आहे.

काढणी आणि साठवण

फेब्रुवारी सरता सरता पानं खालून वर पिवळी पडू लागतात आणि मान मऊ होऊन झाड कलतं. अर्धीअधिक पानं पिवळी दिसली की पाणी तोडावं. त्यानंतर दोन आठवड्यांनी काढणी करता येते. खात्री करायची असेल तर एक झाड उकरून गड्डा आडवा कापून पाहावा. पाकळ्या एकमेकींपासून सुट्या, टपोऱ्या आणि आपापल्या टरफलात बांधलेल्या दिसल्या तर तो तयार आहे. पाकळ्यांमधल्या रेघा अजून पुसट असतील तर आठवडाभर थांबावं. फार उशीर करण्यातही नुकसान आहे. वरचं पांढरं आवरण मातीतच कुजतं, पाकळ्या विस्कटतात आणि लसूण टिकत नाही.

पात धरून जोरात ओढू नये, मान तुटते. खुरप्याने बाजूची माती सैल करून झाड वर काढावं. गड्डे धुऊ नयेत. माती हाताने झटकून, पातीसकट, हवेशीर सावलीत आठ-दहा दिवस वाळवावेत. उन्हात टाकले तर पाकळ्या भाजल्यासारख्या होतात. पातीतला रस याच काळात गड्ड्यात उतरतो आणि मान सुकून बंद होते. या बंद मानेमुळेच लसूण पुढे सहा-सात महिने टिकतो. आपल्याकडच्या लसणाची मान मऊ असते, त्यामुळे वाळलेल्या पातीची वेणी घालून किंवा जुड्या बांधून तो माळ्यावर किंवा स्वयंपाकघरात धुराच्या, ओलाव्याच्या जागेपासून दूर टांगता येतो. ओला लसूण प्लास्टिकच्या पिशवीत बांधला तर महिन्याभरात बुरशी धरतो. फ्रिजमध्ये अख्खे गड्डे ठेवू नयेत, तिथल्या थंडीने कोंब लवकर जागा होतो.

वाळलेल्या लसणातले सर्वांत चांगले आठ-दहा गड्डे वेगळे बांधून पुढच्या वर्षीच्या बियाण्याला ठेवावेत. उरलासुरला लसूण बियाण्याला ठेवला तर पीक दरवर्षी बारीक होत जातं.

पात: पहिल्या वर्षाचं हमखास पीक

ज्यांच्याकडे ऊन कमी आहे, थंडी कमी आहे किंवा तारीख चुकली आहे, त्यांनी पातीसाठी लसूण लावावा. इथे जात पाहायची गरज नाही. टोपलीतल्या कोंब फुटलेल्या पाकळ्याही चालतात. दोन-दोन बोटांच्या अंतराने दाट लावाव्यात. महिन्या-सव्वा महिन्यात पात वीतभर होते. बुडाशी दोन बोटं राखून कात्रीने कापावी, ती पुन्हा फुटते. असे दोन-तीन कापे मिळतात. या पातीची ठेचून केलेली चटणी बाजरीच्या भाकरीबरोबर, चिरलेली पात थालीपिठात, आमटीवर किंवा अंड्याच्या पोळीत, असा हिवाळा चविष्ट होतो. एक नियम पाळावा: ज्या झाडाकडून गड्डा हवा आहे, त्याची पात कापू नये. गड्डा भरणारं अन्न त्या पानांतच तयार होतं.

हाती काय लागतं

हिशेब स्पष्ट असलेला बरा. १५ बाय १० सेंटीमीटर अंतराने एका चौरस मीटरमध्ये सुमारे ६५ झाडं बसतात. एक गड्डा वीस ग्रॅमचा धरला तर सव्वा-दीड किलो लसूण होतो. शेतातलं चांगलं पीकही साधारण याच हिशेबात येतं. घरात पंधरवड्याला पाव किलो लसूण लागत असेल तर वर्षाला सहा किलो झाला, आणि त्यासाठी पाच चौरस मीटर ऊन असलेली जागा हवी. परस किंवा मोकळी गच्ची असलेल्यांना हे सहज जमतं. बाल्कनीतल्या दोन क्रेटमध्ये वर्षाची बेगमी होणार नाही. महिन्या-दोन महिन्यांचा लसूण आणि हिवाळाभराची पात मात्र नक्की मिळेल.

शिवाय ताज्या लसणाची चव मिळते, ती वेगळीच. अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. तिच्या पेशींत अ‍ॅलिन नावाचं गंधकयुक्त द्रव्य एका कप्प्यात असतं आणि अ‍ॅलिनेज हे विकर दुसऱ्या कप्प्यात. पाकळी ठेचली की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि अ‍ॅलिसिन तयार होतं. लसणाचा झणझणीत वास तो हाच. अ‍ॅलिसिन वेगळं करून त्याचे जंतुनाशक गुण १९४४ मध्ये अमेरिकेत चेस्टर कॅव्हॅलिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. हे विकर उष्णतेने निकामी होतं. म्हणून अख्ख्या पाकळ्या निखाऱ्यावर भाजल्या की गोडसर लागतात, आणि ठेचून दहा मिनिटं ठेवलेला लसूण फोडणीतही आपला उग्रपणा राखतो.

लसूण पिकवण्यात जगात चीन पहिला आणि भारत दुसरा. भारतात मध्य प्रदेश आघाडीवर आहे, आणि नीमच-मंदसौरच्या बाजारात आवक कमी झाली की आपल्या गल्लीतल्या भाजीवाल्याचा भाव चढतो. तो भाव आपल्या दोन क्रेटनी खाली येणार नाही. पण हिवाळ्याचे चार महिने रिकामी राहणारी उन्हाची जागा आपल्याकडे असेल तर ती वाया घालवू नये. यंदा नवरात्रात आठवडी बाजारातून अर्धा किलो इथलाच लसूण आणा, जाड पाकळ्या निवडून दिवाळीच्या आत लावा, दोन महिन्यांनंतर खत बंद करा आणि पानं अर्धी पिवळी झाली की पाणी तोडा. एवढ्या चार गोष्टी वेळेवर केल्या तर मार्चमध्ये घरचा लसूण खात्रीने हाती येतो.